कल्हई की मोड?

दिवाळी तोंडावर आली, की पूर्वी आमच्या आळीत कल्हईवाल्याची हाळी ऐकू येई. लिंबाच्या झाडाखाली खड्डा खणून तो भाता मांडी, निखारे फुलवी, आणि घरोघरच्या बायका माळ्यावरची पातेली-तपेली घेऊन त्याच्याभोवती जमत. तापलेल्या भांड्यात नवसागराची पूड पडली, की भपकन् पांढरा धूर निघे. मग कथलाची कांडी फिरे, कापसाचा बोळा फिरे, आणि काळेकुट्ट पातेले चांदीसारखे लखलखू लागे. आम्हां पोरांना ती जादूच वाटे.

आमच्या आजीचे लक्ष मात्र त्या जादूकडे नसे. ती प्रत्येक भांडे आधी उन्हाकडे धरून आतून बघे. बुडाला सुईच्या टोकाएवढा उजेड दिसला, की ते भांडे बाजूला निघे. "याला कल्हई नको, हे मोडीत घाला," असा तिचा निकाल. मग ते तांबटाकडे जाई आणि वजनावर मोड देऊन नवे भांडे येई. कल्हई उडालेले भांडे मात्र ती एक दिवसही वापरू देत नसे. त्यात आमटी कळकते आणि ती खाणाऱ्याला बाधते, हे तिला ठाऊक होते.

आता भांडी स्टीलची झाली आणि कल्हईवाला दिसेनासा झाला. प्रश्न मात्र गेलेला नाही. तो आता टेबलावर, पडदा आणि खोके अशा रूपात, घुरघुरत बसलेला असतो. घरोघरी एक जुना संगणक असतोच. बटण दाबून चहा टाकावा, चहा पिऊन कप विसळावा, तरी तो आपला गोल फिरवत असतो. त्याला कल्हई लावावी, की मोडीत घालावे? वाचकहो, हा प्रश्न मला पडला तो नंदुरबार जिल्ह्यातल्या धानोऱ्याला, माझ्या भाच्याच्या दुकानात.

भाच्याचे दुकान म्हणजे एक खोली. छायाप्रती काढणे, दाखल्यांचे अर्ज भरणे, शिष्यवृत्तीचे फॉर्म, रेल्वेची तिकिटे, असे त्याचे कामाचे स्वरूप. सन २०२४ च्या जुलैत 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेचे अर्ज सुरू झाले, तेव्हा साऱ्या महाराष्ट्रात जी धांदल उडाली तिच्यातून धानोरे सुटले नाही. दुकानापुढे बायकांची रांग, वर पाऊस, कडेवर पोर, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद. आणि आत तो संगणक! एक कागद चढवायचा म्हणजे पाच-पाच मिनिटे. भाचा म्हणे, "व्हई जाई, मावशी, व्हई जाई." पण होत काही नसे. काही जणी कंटाळून नंदुरबारची एस.टी. धरत. एका मजूर बाईची दिवसभराची रोजंदारी अशा एका गोल फिरणाऱ्या चिन्हापायी बुडते, हे ज्याने पाहिले त्याला 'संगणक थोडा हळू चालतो' हे वाक्य थट्टेचे वाटणार नाही.

त्या दिवाळीत मी धानोऱ्याला गेलो. नंदुरबारला उतरलो तेव्हा गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत पडलेली होती; शिंका देतच मी भाच्याच्या घरी पोचलो. फराळाचे ताट पुढे आले आणि पाठोपाठ बातमीही आली.

"मामा, नवा संगणक घेतोय. नंदुरबारच्या दुकानदारानं सांगितलं, जुन्यात आता काही राम नाही. पडदा, खोकं, प्रिंटर, सगळं मिळून चाळीस हजार."

"आणि पैसे?"

भाच्याने बायकोकडे पाहिले. पैसे तिच्या बचत गटाकडून कर्जाऊ मिळणार होते, शेकडा दोन रुपये महिना व्याजाने. सूनबाई करंज्या तळत होती. ती एवढेच म्हणाली, "घ्यायला माझी ना नाही. पण तो नक्की कशानं अडतो, ते कुणी पाहिलं का? दुकानदारानं तर खोकं उघडलंसुद्धा नाही."

मी बँकेत कारकुनी केलेला माणूस, यंत्रज्ञ नव्हे. परंतु खातेवह्या जाऊन संगणक आले ते माझ्या डोळ्यांदेखत, आणि एक गोष्ट तिथे शिकलो. यंत्र हळू चालणे आणि यंत्र म्हातारे होणे, या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. आपण त्यांची गल्लत करतो आणि मग एकतर नको तिथे पैसे ओततो, नाहीतर नको तितकी काटकसर करतो.

सूनबाईने करंज्यांची कढई उतरवली आणि एक वही आणून माझ्यापुढे ठेवली. चार दिवस घड्याळ लावून तिने टिपणे केली होती. संगणक सुरू होऊन कामाला लागेपर्यंत सहा मिनिटे. आंतरजालाचे पान उघडायला दीड मिनिट. दुसरे पान उघडले की पहिले गोठते. या वहीतच निम्मे निदान होते. उरलेल्या निम्म्यासाठी आम्ही दुकानात गेलो आणि 'टास्क मॅनेजर' उघडले. विंडोजवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की हा हिशेबनीस हजर होतो. कोण किती राबते आहे, ते तो शेकड्यात दाखवतो. तिथे दिसले ते असे : प्रोसेसर शंभरात पंधरा-वीस, मेमरी नव्वदच्या वर, आणि हार्ड डिस्क शंभरावर शंभर!

सूनबाईला हे समजावताना मी स्वयंपाकघराचा आधार घेतला. प्रोसेसर म्हणजे सुगरण. मेमरी, जिला रॅम म्हणतात, तो ओटा. हार्ड डिस्क म्हणजे मागची कोठीची खोली. सुगरण कितीही चपळ असली, तरी ओटा वीतभर असेल तर एक डबा ठेवायला दुसरा उचलून कोठीत नेऊन ठेवावा लागतो, आणि लगेच तोच परत आणावा लागतो. मग सुगरण उभी आणि सारा वेळ ये-जा करण्यात जातो.

"म्हणजे बाई चांगली आहे, ओटा लहान आणि कोठी लांब," सूनबाई म्हणाली.

आता ही कोठी लांब का, तेही पाहू. जुन्या हार्ड डिस्कमध्ये खरोखरच एक चकती फिरत असते, आणि ग्रामोफोनच्या सुईसारखा एक दांडा तिच्यावर पुढेमागे सरकतो. चकती मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. ऐकायला हे फार वाटते. पण हवी ती माहिती सुईखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सेकंदाचा सुमारे २४० वा भाग लागतो, आणि दांडा जागेवर सरकायला त्याच्या दुपटीहून अधिक. गोळाबेरीज अशी, की इकडेतिकडे विखुरलेले तुकडे गोळा करायचे असतील तर ही चकती सेकंदाला जेमतेम शंभरेक तुकडे आणून देते. याउलट हल्लीच्या एस.एस.डी. नावाच्या साठवणीत फिरणारे काहीच नसते, सगळा कारभार चिपांचा. ती असे हजारो तुकडे एका सेकंदात पुढे ठेवते. जुन्या संगणकात एवढा एक बदल केला, की पोराचे पाय धुऊन त्याला नवे कपडे घालावेत तसा तो ओळखू येत नाही.

इथे मला एका मोठ्या घरातली जुनी गोष्ट आठवते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्या लोकांनी स्वतः बांधलेला पूर्ण आकाराचा संगणक १९६० साली कामाला लागला. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण केले. त्याचा ओटा केवढा? चाळीस बिटांचे २,०४८ शब्द, म्हणजे आजच्या भाषेत अवघे दहा किलोबाइट. धानोऱ्याच्या त्या रडक्या संगणकाची मेमरी चार गिगाबाइट होती, म्हणजे टिफ्रॅकच्या चार लाखांहून अधिक पट! तरी टिफ्रॅकवर शास्त्रज्ञांनी आपली गणिते केली. पुढे कामे वाढली, त्या यंत्राच्या आवाक्याबाहेर गेली, तेव्हा १९६४ साली त्याच संस्थेत अमेरिकन बनावटीचा सी.डी.सी. ३६०० आला. स्वतःच्या हाताने घडवलेल्या यंत्राची माया कुणाला नसेल? तरीही काम मावेना तेव्हा त्यांनी नवे आणले. यंत्र नवे की जुने, हे यंत्राकडे पाहून ठरवायचे नसते. ते कामाकडे पाहून ठरवायचे असते.

मग आम्ही खोके उघडले. काय सांगू? आत धुळीचे असे थर, की चुलीची राख बरी. पंख्याच्या पात्यांत जळमटे, आणि एका कोपऱ्यात पालीची अंडी. वारा कोंडला की प्रोसेसर तापतो, आणि तापला की जळू नये म्हणून तो आपणहून आपली गती उतरवतो. तेव्हा पहिला उपाय फुकटचा : वीज बंद करून, तार काढून, मऊ ब्रशाने हलक्या हाताने साफसफाई. दिवाळीत सगळे घर झाडले जाते, त्यात या खोक्याचीच आठवण कुणाला राहत नाही.

साफसफाईआधी मात्र एक काम सूनबाईकडून करवून घेतले होते. डिस्कवरचे गरजेचे सगळे दुसरीकडे उतरवून ठेवणे. आठ वर्षांची डिस्क, आणि अधूनमधून तिच्यातून टक-टक आवाज येत होता. अशी डिस्क म्हणजे पिकले पान. दुरुस्ती पुढे होईल न होईल, आतल्या गोष्टी आधी सुखरूप हव्यात. ते करताना सूनबाई एकदम थबकली. गावातल्या शेकडो माणसांची आधार कार्डे, बँकेची पासबुके, सह्या, अंगठे, सारे तिथे वर्षानुवर्षे पडून होते.

"मामा, हे आपलं थोडंच आहे? काम झालं तेव्हाच पुसायला हवं होतं."

देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी दिला गेला तो याच नंदुरबार जिल्ह्यात, टेंभली गावी. कागदाची किंमत इथल्या माणसाला कुणी शिकवायला नको. आम्ही ती दुसऱ्यांची कागदपत्रे उतरवून घेतली नाहीत, साफ पुसून टाकली.

आता खर्चाचे. नंदुरबारला जाण्यापूर्वी दोन गोष्टी वहीत लिहून घेतल्या : मेमरीची पट्टी कोणत्या जातीची आहे आणि दुसऱ्या पट्टीला जागा रिकामी आहे का. डी.डी.आर. ३ आणि डी.डी.आर. ४ या पट्ट्या एकमेकींच्या जागी बसत नाहीत, आणि न पाहता आणलेली पट्टी चुकीच्या मापाच्या चपलेसारखी परत न्यावी लागते. एक एस.एस.डी. आणि एक मेमरीची पट्टी मिळून तीन हजार सहाशे रुपये लागले. हे भाव भाजीसारखे वरखाली होतात, तेव्हा आपापल्या बाजारात विचारून पाहावे. संध्याकाळी संगणक चालू केला. सहा मिनिटांच्या जागी चाळीस सेकंद! भाचा इतका हरखला, की त्याने तो तीनदा बंद करून तीनदा चालू केला.

इथे गोष्ट संपली असती तर मी तुम्हांला ती सांगितलीही नसती. 'जुने ते सोने' म्हणून आपण लाडू उचलला असता. परंतु मी आजीचा नातू. भांडे उन्हाकडे धरणे बाकी होते.

तो संगणक चालत होता विंडोज १० या प्रणालीवर. ती २०१५ साली बाजारात आली, आणि १४ ऑक्टोबर २०२५ पासून तिची फुकटची देखभाल बंद होणार, असे कंपनीने कधीच जाहीर केले होते. देखभाल म्हणजे काय? चोर रोज नवी किल्ली बनवतात, म्हणून कंपनी महिन्याच्या महिन्याला कुलूप दुरुस्त करून पाठवते. ते थांबले, की संगणक बंद पडत नाही. तो पूर्वीसारखाच चालतो. धोका इथेच आहे, कारण बाहेरून काहीच दिसत नाही. पुढची प्रणाली विंडोज ११. तिला टी.पी.एम. २.० नावाची सुरक्षा लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासूनचा. भाच्याचा होता सहाव्या पिढीचा. युक्तीने ती प्रणाली जुन्यावर चढवून देणारे भेटतात. पण कंपनीच ज्याची हमी घेत नाही, त्यावर दुसऱ्याच्या पैशांचा व्यवहार कसा करावा?

मी हे सांगितले तेव्हा भाचा हिरमुसला. "मग हे तीन हजार सहाशे पाण्यातच गेले की! आत्ताच नवा घेतला असता तर?"

त्यावर सूनबाईने वही पुढे ओढली. तिचा हिशेब मी जसाच्या तसा देतो. चाळीस हजारांचे कर्ज बारा समान हप्त्यांत फेडायचे, तर शेकडा दोनने वर्षाचे व्याजच होते पाच हजार दोनशे. दुरुस्तीचा खर्च त्याहून सोळाशेने कमी. शिवाय पडदा चांगला आहे, प्रिंटर चांगला आहे. नवे लागणार ते फक्त खोके. चाळीस हजारांची गरजच नाही. आणि काम भराभर होऊ लागले, तर गिऱ्हाईक नंदुरबारला जाणार नाही.

"कर्ज काढून गटाला हप्ता भरणार होतो ना? तोच आता आपण आपल्यालाच भरू," ती म्हणाली. "महिन्याला अडीच हजार डब्यात. पुढच्या दसऱ्याला नवं खोकं. तोवर याला कल्हई."

मला आजीची आठवण झाली. फरक एवढाच, की आजी म्हणे कल्हई किंवा मोड. सूनबाईने दोन्ही केले : मोडीचा दिवस ठरवून मग कल्हई लावली. मुदत न ठरवता केलेली दुरुस्ती ही आळसाची काटकसर असते. एक पट्टी, मग एक पंखा, मग एक पॉवर सप्लाय असे करत माणूस नव्या यंत्राचे पैसे जुन्यात घालतो आणि शेवटी हातात जुनेच राहते. मुदत ठरवून केलेली दुरुस्ती मात्र वेळ विकत घेते, आणि कर्जापेक्षा स्वस्तात घेते.

२०२५ च्या दसऱ्याला, २ ऑक्टोबरला, भाच्याचा फोन आला. अकरा महिन्यांचे साडेसत्तावीस हजार डब्यात जमले होते. नवे खोके साडेसव्वीस हजारांना आले. उरलेल्या हजारात पेढे आणि हार. नव्या यंत्राची पूजा झाली. गटाचे कर्ज दुसऱ्या एका बाईला शेळ्यांसाठी मिळाले. भाच्याला कुणी सुचवले होते, की विंडोज १० ला मुदतवाढ मिळते, घाई कशाला? ते खोटे नव्हते. घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत एका वर्षाची मुदतवाढ जाहीर झाली होती. धंद्यासाठीची मात्र वेगळी आणि विकतची होती : पहिल्या वर्षी दर संगणकामागे ६१ डॉलर, पुढे दरवर्षी दुप्पट, आणि फार तर तीन वर्षे. म्हणजे आमच्या दुरुस्तीहून महाग कुलूप, तेही भाड्याचे.

जुने खोके भंगारवाल्याकडे गेले नाही. त्यावर लिनक्सची फुकट मिळणारी प्रणाली चढवली. सूनबाईची दोन पोरे त्यावर मराठी टंकलेखन शिकतात, चित्रे काढतात. दुकानाचे काम त्यावर चालले नसते, कारण अंगठा घेण्याचे यंत्र तिथे चालेना. पोरांना अंगठा लागत नाही! फक्त एक दंडक आहे : त्या संगणकावर बँकेचे काम नाही, कुणाचे कागद नाहीत. पुढे तोही थकला, तर इलेक्ट्रॉनिक कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याकडे तो द्यायचा, उकिरड्यावर जाळायचा नाही.

तेव्हा वाचकहो, तुमच्याकडे असा घुरघुरणारा म्हातारा असेल, तर दुकानदाराकडे जाण्यापूर्वी चार दिवस वही ठेवा. डिस्क शंभरावर आणि प्रोसेसर रिकामा, तर कल्हई लावा. प्रोसेसरच सदा शंभरावर असेल, किंवा मुख्य पट्टच सदोष असेल, किंवा दुरुस्ती नव्याच्या निम्म्या किमतीला भिडत असेल, तर मोड. आणि शेवटी भांडे उन्हाकडे धरा : या यंत्रातून कुणाकुणाची कामे जातात? फक्त तुमची जात असतील, तर जुन्यावर धकवायचा हक्क तुमचा. पण त्यात चार लोकांचा पैसा शिजत असेल, तर कल्हई उडालेल्या भांड्यात पाहुण्यांची आमटी ठेवू नका.

परवा मी सूनबाईला फोनवर विचारले, "आता डब्यात पैसे टाकणं थांबलं ना?"

"नाही, मामा," ती म्हणाली. "हासुद्धा कधीतरी म्हातारा होणारच की."